लिफाफा पुन्हा मिळेल का? अपक्ष खासदाराची दुसरी निवडणूक

कृष्णाकाठची_लेक

मी मिरजेची. आईचं वय ७८. मे २०२४ मध्ये सांगलीच्या मतदानाच्या आदल्या रात्री मी तिला कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मतदान यंत्राचं चित्र काढून दाखवलं होतं. वर पक्षांच्या उमेदवारांची नावं, खाली अपक्ष, त्यांच्यात विशाल पाटील आणि त्यांच्या नावापुढे लिफाफा. तिने चष्मा लावून पेन्सिलीची रेघ न् रेघ पाहिली आणि विचारलं, "अगं पण हात कुठं गेला?"

आईने जन्मभर हातावर शिक्का मारला, नंतर हातापुढचं बटण दाबलं. सांगली लोकसभा १९६२ पासून २०१४ पर्यंत काँग्रेसकडे होती. वसंतदादा, मग प्रकाशबापू, मग प्रतीक पाटील अशी एका घरातलीच नावं तिने पाहिली. २०१९ ला आघाडीत जागा स्वाभिमानीकडे गेली आणि त्याच घरातले विशाल पाटील बॅट घेऊन उभे राहिले. २०२४ ला जागा ठाकरे गटाच्या शिवसेनेला सुटली, यंत्रावर मशाल आली आणि ते अपक्ष म्हणून लिफाफा घेऊन उभे राहिले. निकाल सगळ्यांना माहीत आहे. ५ लाख ७१ हजारांवर मतं, आणि दोन वेळा निवडून आलेल्या भाजपच्या संजयकाका पाटलांवर १ लाख ५३ मतांनी विजय.

मतदान करून आल्यावर आई म्हणाली, "त्या काचेत चिठ्ठी दिसली, लिफाफाच होता." आणि लगेच, "गेल्या बारीला बॅट, औंदा लिफाफा. पुढच्या बारीला काय?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. पहिल्यांदा अपक्ष निवडून येणं समजू शकतं. लोक चिडलेले असतात, अन्याय झाला ही भावना असते, लाट येते. पण पाच वर्षांनी तोच माणूस अपक्ष म्हणूनच परत मत मागायला आला तर लोक देतात का? आपल्याकडे असं कुणाला जमलंय का? आपापल्या मतदारसंघातला अनुभव लिहा. पक्षाची भांडणं इथे नकोत, ही विनंती.

भडंग_आणि_चहा

आमच्या आजीनेही यंत्रात हातच शोधला होता. सांगलीत त्या दिवशी घरोघरी हेच झालं असणार.

पंचगंगा

ताई, शेजारचंच उदाहरण देतो. कोल्हापूर, २००९. सदाशिवराव मंडलिक तेव्हा खासदारच होते, राष्ट्रवादीचे. पक्षाने तिकीट कापलं आणि संभाजीराजेंना दिलं. पंचाहत्तरीला आलेला माणूस अपक्ष उभा राहिला आणि ४० हजारांहून जास्त मतांनी आला. समोर राजर्षी शाहूंच्या घराण्याचं नाव होतं, तेही कोल्हापुरात!

मी तेव्हा कागल तालुक्यात नोकरीला होतो. संध्याकाळी दूध घालायला आलेली माणसं डेअरीच्या कट्ट्यावर बसून बोलायची. एक वाक्य मी तिथे पुन्हा पुन्हा ऐकलं : "म्हाताऱ्याला असं घालवायचं न्हाई." उमेदवाराचं काम काय, कारखाना काय, कालव्याचं पाणी काय, हे सगळं होतंच. पण मतं फिरली ती या एका वाक्यावर. माणूस आपला आहे आणि त्याचा अपमान झालाय.

मात्र हे तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर नाही. ते खासदारकी टिकवायला अपक्ष उभे राहिले. अपक्ष खासदार म्हणून परत उभं राहायची वेळ आलीच नाही. २०१४ ला त्यांचे चिरंजीव संजय मंडलिक शिवसेनेकडून लढले आणि पडले, २०१९ ला शिवसेनेकडूनच आले. घर तेच, चिन्ह मात्र पक्षाचं.

आकडेमोड

थोडे आकडे ठेवतो, म्हणजे चर्चेला जमीन मिळेल.

पहिल्या लोकसभेत ३७ अपक्ष निवडून आले होते, १९५७ ला ४२. त्यानंतर उतरण. १९९१ ला देशभरातून फक्त १. २००९ ला ९, २०१४ ला ३, २०१९ ला ४, २०२४ ला ७. आणि २०२४ ला उभे किती होते? ३,९२१. त्यातल्या ३,९०५ जणांची अनामत जप्त झाली.

आता २०१९ चे चार घ्या : अमरावतीच्या नवनीत राणा, मंड्याच्या सुमलता, दादरा-नगर हवेलीचे मोहन डेलकर, आसामातल्या कोक्राझारचे नबकुमार सरनिया. २०२४ ला या चौघांपैकी एकही अपक्ष म्हणून परत लोकसभेत आलं नाही. प्रत्येकाचं कारण वेगळं आहे, आणि तीच या धाग्यावर बोलण्यासारखी गोष्ट आहे असं मला वाटतं.

वऱ्हाडी_पाटवडी

आकडेमोडभाऊ, अमरावतीचं मी सांगतो.

२०१४ ला नवनीत राणा राष्ट्रवादीकडून लढल्या आणि आनंदराव अडसुळांकडून हरल्या. २०१९ ला अपक्ष उभ्या राहिल्या, पण काँग्रेस आणि राष्ट्रवादीने उमेदवारच दिला नाही, पाठिंबा दिला. त्या ३६,९५१ मतांनी आल्या. म्हणजे यंत्रावर अपक्ष लिहिलं असलं तरी गावागावांतला कार्यकर्ता आघाडीचा होता. माझे मामा काँग्रेसचे जुने कार्यकर्ते, त्यांनी बूथ सांभाळला होता. त्यांना कुणी विचारलं की म्हणायचे, "आपल्या उमेदवार हाय त्या."

मग पाच वर्षांत त्या भाजपच्या बाजूला गेल्या, मार्च २०२४ मध्ये रीतसर पक्षात गेल्या आणि कमळावर लढल्या. काँग्रेसचे बळवंत वानखडे १९,७३१ मतांनी आले. मामा तेव्हाही त्याच बूथवर बसले होते, फक्त चिठ्ठ्या दुसऱ्या उमेदवाराच्या वाटत.

कोण बरोबर, कोण चूक हे मी नाही सांगत. जातीच्या दाखल्याचा खटला होता, तो सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने लागला. हवा होती, दोन्हीकडून बरंच काही होतं. पण माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते हे, की पहिल्या वेळचं मत उसनं होतं. ज्यांनी उसनं दिलं त्यांनी परत मागितलं.

स्पष्ट_बोलतो

मला हा सगळा अपक्षांचा कौतुकसोहळा पटत नाही. एकटा खासदार दिल्लीत जाऊन करणार काय? ५४३ मधला एक. मंत्री होत नाही, पक्षाच्या बैठकीत बसत नाही, कुणी ऐकत नाही. लोकांनी रागाच्या भरात अपक्ष निवडून द्यायचा आणि पाच वर्षं जिल्ह्याने वनवास भोगायचा. दुसऱ्यांदा पाडतात ते शहाणपणच आहे.

दिल्लीतली_दुपार

@स्पष्ट_बोलतो, मी काही वर्षं एका खासदारांच्या कार्यालयात काम केलं आहे (ते पक्षाचे होते, नाव महत्त्वाचं नाही). तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे.

खरं ते असं : मोठ्या विधेयकावर चर्चा असते तेव्हा बोलायची वेळ पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटली जाते. अपक्ष 'इतर' मध्ये जातात. दोन-तीन मिनिटं मिळतात, तीही बहुतेकदा संध्याकाळी उशिरा, बाकं रिकामी झाल्यावर. आमच्या मागच्या बाकावरचे एक अपक्ष सदस्य सकाळपासून भाषणाचा कागद हातात धरून बसायचे. घामाने कागद मऊ पडायचा.

आता दुसरी बाजू. प्रश्नोत्तराच्या तासाचे प्रश्न सोडतीने निघतात, तिथे पक्ष पाहत नाहीत. शून्य प्रहराची नोटीस, खाजगी विधेयक, नियम ३७७ खाली मांडायचा विषय, स्थायी समितीत काम, हे सगळं अपक्षालाही आहे. खासदार निधी सगळ्यांना सारखाच, वर्षाला ५ कोटी. आणि पक्षादेश नाही! शेतीच्या प्रश्नावर स्वतःच्या जिल्ह्याविरुद्ध मत द्यायची वेळ पक्षाच्या खासदारावर येते, अपक्षावर येत नाही. मी जिथे काम करत होते तिथे साहेबांना एकदा असंच मत द्यावं लागलं. परत आल्यावर जेवले नाहीत.

एक गोष्ट मात्र २०१९ च्या अपक्षांच्या बाबतीत कुणी बोलत नाही. एप्रिल २०२० ते नोव्हेंबर २०२१ खासदार निधी बंद होता, करोनामुळे. पक्षाच्या खासदाराला राज्यातल्या मंत्र्याकडून, जिल्हा परिषदेकडून काम ओढून आणता येतं. अपक्षाकडे स्वतःचं म्हणावं असं हत्यार तो निधीच. पाचातलं दीड वर्ष तेही गेलं.

स्पष्ट_बोलतो

निधीचं मला माहीत नव्हतं. तेवढं मान्य. बाकी माझं मत तेच.

म्हैसूरपाक_बेंगळूरु

मंड्याची गोष्ट. मी बेंगळुरात २२ वर्षं आहे, सासर मंड्या जिल्ह्यातलं.

सुमलतांचे पती अंबरीश गेले २०१८ च्या नोव्हेंबरात. ते काँग्रेसचे. २०१९ ला आघाडीत जागा जनता दलाला गेली, कुमारस्वामी मुख्यमंत्री आणि त्यांचा मुलगा निखिल उमेदवार. सुमलता अपक्ष उभ्या राहिल्या, भाजपने उमेदवार न देता पाठिंबा दिला, काँग्रेसचे स्थानिक कार्यकर्ते आतून त्यांच्याकडे. चिन्ह होतं तुतारीसारखं कहळे वाद्य फुंकणारा माणूस. आणि यादीत आणखी तीन सुमलता! सासूबाईंना आम्ही शिकवलं, "नाव वाचू नका, फोटो बघा, कहळे बघा." १ लाख २५ हजारांवर मतांनी आल्या.

२०२४ ला जनता दल भाजपबरोबर गेलं आणि मंड्याची जागा स्वतः कुमारस्वामींनी घेतली. सुमलतांना उभं राहायला जागाच उरली नाही. भाजपमध्ये गेल्या, लढल्या नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "तिला लोकांनी नाही पाडलं, वरच्यांनी जागा वाटून घेतली." मला ते बोलणं फार लागलं. कारण २०१९ ला ज्या वाटणीविरुद्ध लोकांनी मत दिलं, २०२४ ला तसलीच वाटणी परत झाली.

निवडणूक_ड्यूटी

मी सेवानिवृत्त मुख्याध्यापक. केंद्राध्यक्ष म्हणून लोकसभा, विधानसभा मिळून नऊ वेळा काम केलं. आतून काय दिसतं ते सांगतो.

यंत्रावरचा नावांचा क्रम ठरलेला असतो. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार वर्णानुक्रमे, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, मग अपक्ष. अपक्ष खासदार असला तरी तो खालच्या गटातच. पाच वर्षं खासदारकी करून परत आला तरी त्याची जागा वर सरकत नाही.

सकाळी साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, घ्यायचं असतं, त्याला उमेदवारांचे प्रतिनिधी लागतात. पक्षांची माणसं पाचलाच हजर. डबा, पाण्याची बाटली, मतदार यादी, पट्टी, दोन रंगांची पेनं. अपक्षाचा प्रतिनिधी बहुतेक ठिकाणी नसतोच. एका मोठ्या गावात एका अपक्षाचा पोरगा प्रतिनिधी म्हणून आला, अठरा-एकोणीस वर्षांचा. त्याच्याकडे यादी नव्हती. पक्षाच्या उमेदवारांना यादी फुकट मिळते, अपक्षाला विकत घ्यावी लागते, आणि एका लोकसभेला दोन हजार केंद्रं असतात. तो पोरगा दिवसभर नुसत्या चेहऱ्यांवरून माणसं ओळखत बसला. दुपारी समोरच्या पक्षाच्या प्रतिनिधीने त्याला आपल्या डब्यातली भाकरी दिली आणि स्वतःची यादीही मध्ये सरकवली. असं चांगलंही घडतं.

अपक्षाने पहिली निवडणूक लाटेवर जिंकली की त्याला वाटतं माणसं आपली आहेत. त्याने पाच वर्षांत प्रत्येक केंद्रावर दोन माणसं उभी केली का, हे मी पाहीन. दुसऱ्या निवडणुकीचा निकाल मला तिथे सकाळी पाचला दिसतो.

पंचगंगा

गुरुजी, लाखमोलाचं बोललात.

कलम_आणि_कागद

वकिली करतो, निवडणूक याचिकांचं थोडं काम केलं आहे. धाग्याच्या शीर्षकाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही म्हणून लिहितो.

लिफाफा पुन्हा मिळेल का? चिन्हांचा १९६८ चा आदेश आहे, त्याचा परिच्छेद १२. अपक्षाला मुक्त चिन्हांतून पसंतीक्रमाने तीन चिन्हं मागता येतात. एकट्याने मागितलं तर मिळतं. अनेकांनी तेच मागितलं आणि त्यातला एक नोंदणीकृत पक्षाचा असेल तर त्याचा हक्क आधी. सगळे अपक्षच असतील आणि त्यातला एक त्याच चिन्हावर निवडून आलेला मावळता लोकसभा सदस्य असेल, तर चिन्ह त्यालाच, चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत. म्हणजे मावळत्या अपक्ष खासदाराला कायद्याने थोडा मान दिलेला आहे. पण एखाद्या छोट्या पक्षाने तोच लिफाफा मागितला तर खासदारालाही हात चोळत दुसरं चिन्ह घ्यावं लागेल.

बाकी अडचणी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला १० लागतात, सगळे त्याच मतदारसंघाचे मतदार. छाननीत एका सूचकाची सही खोटी ठरली की अर्ज गेला. खर्चाची मर्यादा मोठ्या राज्यांत ९५ लाख, सगळ्यांना सारखी. पण मान्यताप्राप्त पक्षाच्या ४० स्टार प्रचारकांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत. अपक्षाकडे स्टार प्रचारक नाहीत, त्याची प्रत्येक गाडी, प्रत्येक मांडव त्याच्याच नावावर.

आता मोठा मुद्दा. १९८५ ची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी. अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर कुठल्याही पक्षात गेला तर अपात्र. पक्षाच्या सदस्यांना दोन तृतीयांश संख्येच्या विलीनीकरणाची वाट आहे, अपक्षाला तीही नाही. हरियाणातल्या काही अपक्ष आमदारांना २००४ मध्ये विधानसभा अध्यक्षांनी याच कारणाने अपात्र ठरवलं आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. बाहेरून पाठिंबा मात्र चालतो. विशाल पाटलांनी निकालानंतर काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं, ते याच चौकटीत बसतं.

म्हणून अपक्ष खासदार पाच वर्षं दारात उभा असतो. आत जाता येत नाही, लांबही जाता येत नाही. निवडणूक जवळ आली की बहुतेक जण आत जातात.

मळ्यातला_पिंट्या

वकीलसाहेब, चिन्हांवरून आठवलं. आमच्या ग्रामपंचायतीला चुलत्यांना कपाट मिळालं होतं. मत मागायला खरं लोखंडी कपाट ट्रॉलीत घालून गावभर फिरवलं. निवडून आले. ते कपाट अजून ग्रामपंचायतीत आहे, दाखले ठेवायला.

भडंग_आणि_चहा

हे बेस्ट आहे! आमच्याकडे एकाला गॅस शेगडी मिळाली होती, बायकांनी एकगठ्ठा मतं दिली.

जुनी_मुंबई

तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून. व्ही. के. कृष्ण मेनन १९५७ आणि १९६२ ला मुंबईतून काँग्रेसचे खासदार. १९६२ ला त्यांच्यासमोर आचार्य कृपलानी अपक्ष उभे होते, मेनन जिंकले. चीनच्या युद्धानंतर मंत्रिपद गेलं, १९६७ ला तिकीट नाकारलं. मेनन ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले आणि स. गो. बर्व्यांकडून हरले. बर्वे लगेच वारले, पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे काँग्रेसकडून उभ्या राहिल्या, मेनन परत हरले.

पण पुढे १९६९ ला ते बंगालातल्या मिदनापूरमधून अपक्ष निवडून आले, आणि १९७१ ला तिरुवनंतपुरममधून परत अपक्ष! म्हणजे अपक्ष खासदार दुसऱ्यांदा अपक्ष निवडून आला, पण मतदारसंघ बदलून आणि डाव्यांच्या पाठिंब्याने. ज्या मुंबईने दोनदा निवडून दिलं होतं तिने पक्ष सुटल्यावर दिलं नाही. वडील शीवला राहायचे, त्यांनी मेननना मत दिलं होतं आणि ही गोष्ट ते शेवटपर्यंत हळहळत सांगायचे.

बेळगावचा_कुंदा

सीमाभागातलं वेगळं उदाहरण. १९९६ ला बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार होते. मराठी माणसांनी निषेध म्हणून अर्ज भरले होते. त्याच वर्षी तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंड्यात ४८०, फ्लोराइडच्या पाण्याच्या प्रश्नावर. त्यानंतरच अनामत ५०० वरून १० हजार झाली, आता २५ हजार आहे. वकीलसाहेबांनी सांगितलेला १० सूचकांचा नियमही तेव्हाचाच. आमच्या आंदोलनाची किंमत देशभरातल्या खऱ्याखुऱ्या अपक्षांनी मोजली, याचं मला वाईट वाटतं. पण तेव्हा दुसरं कुणी ऐकत नव्हतं हेही खरं.

ब्रह्मपुत्रेकाठी_होतो

आकडेमोड यांनी सरनियांचं नाव घेतलं. बँकेच्या बदलीमुळे मी चार वर्षं खालच्या आसामात होतो. ताईंच्या मूळ प्रश्नाचं सरळ उत्तर ते आहेत : २०१४ ला कोक्राझारमधून अपक्ष, मोठ्या फरकाने, आणि २०१९ ला त्याच मतदारसंघातून परत अपक्ष. पूर्वी उल्फा या सशस्त्र संघटनेत होते, नंतर शस्त्र खाली ठेवलं.

कसं जमलं? तिथे बोडो संघटना आपसांत विभागलेल्या, आणि बोडो नसलेल्या समाजांना, म्हणजे राजबंशी, संथाळ, बंगाली मुसलमान, नेपाळी यांना एकत्र येऊन मत द्यायला एक नाव हवं होतं. ते नाव सरनिया. आमच्या शाखेतला शिपाई संथाळ होता. तो म्हणायचा, "पक्ष कुठलाही आला तरी आम्ही मोजणीत नसतो." कुठल्या पक्षाने मैदान मोकळं सोडलं म्हणून ते आले नाहीत.

२०२४ ला अनुसूचित जमातीच्या दाखल्यावरून त्यांचा उमेदवारी अर्जच बाद झाला. जागा राखीव आहे. लोकांनी तिसऱ्यांदा दिलं असतं की नाही हे कळायला वावच राहिला नाही.

तांबडा_पांढरा

वाचतोय. सुंदर धागा.

मेलबर्नची_माई

मुलाकडे १४ वर्षं आहे, आता इथली मतदार. इथलं एक उदाहरण सांगते, कारण इथे अपक्ष पुन्हा पुन्हा निवडून येतात.

व्हिक्टोरिया राज्यात इंडाय नावाचा ग्रामीण मतदारसंघ आहे, डोंगराळ, शेती आणि गुरं. २०१३ ला तिथे कॅथी मॅकगोवन अपक्ष उभ्या राहिल्या आणि अवघ्या ४३९ मतांनी जिंकल्या. २०१६ ला परत जिंकल्या. २०१९ ला त्या थांबल्या आणि हेलन हेन्स अपक्ष उभ्या राहून आल्या, मग २०२२ आणि २०२५ लाही. एका अपक्षाची जागा दुसऱ्या अपक्षाकडे गेली, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संसदेत हे पहिल्यांदाच घडलं.

माझी सून त्या भागातली शिक्षिका. तिने सांगितलं, उमेदवार ठरायच्या आधी लोक एकमेकांच्या स्वयंपाकघरात बसून बोलले. दहा-बारा जण, चहा, केक, आणि "आपल्या भागाला काय हवं" एवढाच विषय. टिपणं काढली, सगळ्या घरांची एकत्र केली. मग उमेदवार. निवडणूक झाली तरी ती मंडळी घरी गेली नाहीत, नारिंगी टी-शर्ट घालून पुढच्या निवडणुकीलाही तीच उभी. मुख्याध्यापक म्हणाले ना, सकाळी पाचला माणूस हजर पाहिजे, ती माणसं तिथे आहेत.

आणि इथे मत पसंतीक्रमाने देतात. पहिली पसंती आपल्या पक्षाला देऊन दुसरी अपक्षाला देता येते. मत वाया जाईल ही भीती नाही. आपल्याकडे ती भीतीच अपक्षाला खाते. तरी सगळे टिकत नाहीत हं. मेलबर्नच्या गोल्डस्टीनमधल्या अपक्ष झोई डॅनियल २०२५ ला थोडक्यात हरल्या.

स्पष्ट_बोलतो

माई, हे वाचून थांबलो. केक-चहाच्या बैठका आपल्याकडे पारावर होऊ शकतात. उमेदवार ठरायच्या आधी मात्र कधी झालेल्या पाहिल्या नाहीत.

वूस्टरचा_वैद्य

इंग्लंडमधलं एक. आमच्या जवळचा वायर फॉरेस्ट मतदारसंघ. किडरमिन्स्टरच्या रुग्णालयातला तातडीचा विभाग बंद केला म्हणून रिचर्ड टेलर नावाचे निवृत्त डॉक्टर २००१ ला अपक्ष उभे राहिले आणि १७,६३० मतांनी आले. २००५ ला परत आले, फरक ५ हजारांवर आला. २०१० ला हरले. पहिल्या दोन्ही वेळा लिबरल डेमोक्रॅट पक्षाने उमेदवार दिला नव्हता, हेही सांगायला हवं. माझ्याकडे येणारे वयस्क रुग्ण अजून त्यांचं नाव आदराने घेतात. तातडीचा विभाग काही परत आला नाही.

बॉस्टनकर

अमेरिकेतले बर्नी सँडर्सही अपक्षच. १९९० पासून आधी प्रतिनिधीगृहात आणि २००६ पासून सिनेटमध्ये, २०२४ लाही आले. पण व्हरमाँटमध्ये डेमोक्रॅटिक पक्ष त्यांच्यासमोर आपला माणूस ताकदीने उभा करत नाही, आणि सिनेटमध्ये ते त्यांच्याच गटात बसतात. वऱ्हाडी_पाटवडी म्हणाले तसं उसनं घेतलेलं नाही हे, समजुतीने ३० वर्षं चाललेलं आहे.

सिल्वासाकर

डेलकरांविषयी थोडं. ते १९८९ ला इथून अपक्ष आले, मग काँग्रेस, भाजप, १९९९ ला परत अपक्ष, २००४ ला स्वतःच्या पक्षातून, आणि २०१९ ला परत अपक्ष. सात वेळा खासदार. इथला वारली, कोकणा माणूस चिन्ह विचारत नसे, "मोहनभाईचं कुठलं?" एवढंच विचारी. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते गेले. पोटनिवडणुकीत कलाबेन डेलकर शिवसेनेच्या चिन्हावर आल्या. आमच्यासारख्या मराठी माणसांना त्या दिवशी फार भरून आलं होतं. मतदारसंघ छोटा आहे, त्यामुळे एका माणसाला घर न् घर ठाऊक असू शकतं. सांगलीएवढ्या मतदारसंघात, मिरजेपासून जतपर्यंत, ते किती जमेल?

जतचा_डाळिंबवाला

सिल्वासाकर, जतचं मी सांगतो. पूर्व भागात आम्हाला म्हैसाळ सिंचन योजनेचं पाणी कधी येणार एवढंच विचारायचं असतं. २०२४ ला आमच्या वस्तीवर मत कुणाला हे शेवटच्या दोन दिवसांत ठरलं. काँग्रेसवाले उघड बोलत नव्हते, पण रात्री फोन यायचे. ते फोन पुढच्या वेळी कुणासाठी येतील, हे खासदार अपक्ष राहतात की पक्षात जातात यावर ठरेल. आणि आम्ही फोन ऐकायचा की नाही, ते कालव्यावर.

कृष्णाकाठची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

दोन दिवस हे सगळं आईला वाचून दाखवत होते. मंड्याच्या सासूबाईंचं वाक्य तिने परत वाचायला लावलं. मेलबर्नच्या माईंचं ऐकून म्हणाली, "आपल्याकडं आधी उमेदवार ठरतो, मग आपल्याला चहाला बोलावतात."

माझं स्वतःचं मत आता थोडं बदललं आहे. मला वाटत होतं की विशाल पाटलांनी पुढच्या वेळीही अपक्षच लढावं, कारण लोकांनी त्या लिफाफ्याला मत दिलं. पण जतच्या दादांचं वाचून जाणवतं की आमच्या घरात आम्ही लिफाफ्यात हातच घालून मत दिलं होतं. ते काँग्रेसमध्ये गेले तर आईला हात परत मिळेल, आणि तिला ते हवंच आहे. मला मात्र पक्षादेश नसलेला खासदार हवा आहे, दिल्लीतल्या ताईंनी लिहिलं तसा. एकाच घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही मतं त्याच माणसाला जाणार आहेत. त्यांनी काय करावं, हे मला खरंच सांगता येत नाही.

वकीलसाहेब, परिच्छेद १२ आईला समजावून सांगितला. सगळे अपक्षच असतील तर मावळत्या खासदाराला आधी, पण छोट्या पक्षाने मागितलं तर नाही. ती म्हणाली, "म्हणजे लिफाफा त्याचा न्हवंच. भाड्याचा."

कलम_आणि_कागद

ताई, आईंना माझा नमस्कार सांगा. इतक्या थोडक्यात मी तो परिच्छेद कोर्टातही कुणाला सांगितलेला नाही.

आकडेमोड

ते कॅलेंडरचं पान जपून ठेवलंय का? फोटो टाका ना.

कृष्णाकाठची_लेक

पान आहे, पण त्यावर आईने नंतर दुधाचा हिशेब लिहिलाय. यंत्राच्या चित्राच्या बरोबर वर. मे महिन्याचे ४२ लिटर.